शनिवारची भाजी

"आई, तुझी शनिवारची भाजी मला जमतच नाही!" केतकी पुण्याहून फोनवर वैतागली होती. "पहिला पगार झाला म्हणून सगळं ताजं आणलं. फ्लॉवर, मटार, पनीरसुद्धा. पण ती चव काही येत नाही."

सुलभाताईंना हसू आवरेना. त्यांचा बाजार रविवारी एकदाच, ठरलेल्या पैशांत. शनिवारपर्यंत टोपलीत एखादा बटाटा, दोन वांगी, मूठभर गवार एवढंच शिल्लक असायचं.

आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "अगं, आधी आठवडाभर भाज्या खा. मग शनिवारी जे उरेल ते सगळं एका कढईत घाल."

"म्हणजे ती उरल्यासुरल्याची होती? बाबा तर पाहुण्यांना 'आमच्याकडची शाही भाजी' म्हणून सांगतात!"

"हळू बोल गं. इथंच बसलेत, तिसऱ्यांदा वाढून घेतायत."