दुसरं नमुना शेत

"मग दुसरं शेत कोणाचं घ्यायचं?" परदेशी बाईंचा प्रश्न दुभाष्याने सांगितला आणि मांडवातल्या सगळ्या माना थोरलीकडे वळल्या.

योजना दोन देशांनी मिळून आखलेली होती. पैसा, बियाणं आणि तज्ज्ञ तिकडचे. जमीन आणि घाम इकडचा. गावातलं पहिलं नमुना शेत थोरलीचं. ते असं काही पिकलं, की आता दुसरं घ्यायचं ठरलं. ते कोणाचं, हे पहिल्या शेताच्या मालकिणीनेच सांगायचं, अशी योजनेची पद्धत होती. तिच्या शब्दाबाहेर कोणी जाणार नव्हतं.

म्हणून तर गेला आठवडाभर तिच्या घरी रीघ लागली होती. जे लोक तिचं दार कुठल्या बाजूला आहे हेच विसरले होते, ते "सहजच आलो" म्हणत येत होते. खुर्च्या पुरेनात. थोरलीने सगळ्यांना चहा दिला, सगळ्यांचं ऐकून घेतलं. लोक गेल्यावर कप विसळताना तिला रडू आलं. नवरा गेल्यापासून एकच कप विसळायची सवय झाली होती.

आधी ती इतकी एकटी नव्हती. मग शेतावर दोन झेंडे रंगवलेली पाटी लागली. पाटीमागून कुंपण आलं आणि कुंपणामागून नियम. नमुना शेताला बाहेरच्या कोणाचा हात लागायचा नाही, नाहीतर मोजमाप बिघडतं. थोरलीनेही दुसऱ्यांच्या शेतात जायचं नाही, तिकडची कीड पायांबरोबर येते. नियम शहाण्या माणसांनी केले होते, नावं ठेवायला जागा नव्हती. पण या गावात खुरपणी कोणी एकटीने केलेली नव्हती. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. बायका ओळीने बसायच्या, हात कामात आणि तोंड गावभर. लग्नं तिथेच जुळायची, भांडणं तिथेच मिटायची. थोरली त्या ओळीतून उठली ती उठलीच.

सुरुवातीला बायका कुंपणापलीकडून हाक मारायच्या. मग "तिला काय, तिचे पाहुणे विमानातून येतात" असं म्हणायला लागल्या. गावाने तिचं नावच 'नमुना' पाडलं आणि पोटभर हसून घेतलं. पाहुणे यायचे, फोटो काढायचे, कणसं हातात घेऊन माना डोलवायचे आणि गाडीत बसून निघून जायचे. दुपारी ती एकटी डबा उघडायची. पलीकडच्या शेतात तिची धाकटी जाऊ चारचौघींत बसून जेवायची. एके काळी दोघी एकाच डब्यातून जेवत.

दुभाष्याने पुन्हा विचारलं.

"माझ्या धाकट्या जावेचं घ्या," थोरली म्हणाली.

दोघींमध्ये आता कामापुरतंही बोलणं उरलेलं नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. परदेशी बाईंनी थोरलीचा हात हातात घेतला. "बाई म्हणतायत, एवढं मोठं मन त्यांनी कुठल्याच देशात पाहिलं नाही," दुभाषी म्हणाला. धाकटी तर सगळ्यांदेखत तिच्या पाया पडली. थोरलीने तिला उठवलं, पण तिच्या नजरेला नजर दिली नाही.

धाकटीच्या शेतावर पाटी लागली. कुंपण झालं. पीकही दृष्ट लागावी असं आलं. त्याच हंगामात एका दुपारी ती डबा हातात घेऊन दोन कुंपणांमधल्या बांधावर आली. थोरली तिथेच जेवत बसली होती. धाकटीचा नवरा ट्रकवर, कधीमधी घरी येणारा. तिचे डोळे सुजलेले होते.

"कोणी हाकच मारत नाही हो मला," ती म्हणाली. "दिवस दिवस तोंड उघडायची वेळ येत नाही. एवढं पीक आलंय, पण कौतुकाने बघायला माणूस नाही. जाऊबाई, तुम्हाला माहीत होतं ना, असं होणार?"

"माहीत होतं," थोरली म्हणाली. "म्हणून तर तुझं नाव सांगितलं."

धाकटीला भयंकर राग आला. ती ताडताड चालत पार बांधाच्या टोकापर्यंत गेली. पलीकडे बायका ओळीने खुरपत होत्या. तिला पाहून कोणी मान वर केली नाही. ती तिथे थोडा वेळ उभी राहिली.

मग परत आली आणि थोरलीच्या शेजारी बसली. दुसऱ्या कोणाजवळ बसणार होती?