अडून बसलेली चिप

हेमलताने नवा कॉम्प्युटर स्वतः जोडला होता. बटण दाबलं की पंखा फिरायचा, दिवा लागायचा आणि मग सगळं गप्प. सगळे भाग नवे होते. चिप तेवढी श्रीनिवासरावांच्या जुन्या मशीनमधली, त्यांच्याजवळ राहून त्यांच्या सवयी शिकलेली. ते गेल्यावर तिने एवढीच जपून ठेवली होती.

"वापरलेल्या चिपा अशाच अडून बसतात, आई," लेक सावनी म्हणाली. "घर ओळखीचं वाटल्याशिवाय चालूच होत नाहीत. कोरी करून टाक, लगेच चालेल."

"आणि त्यातले तुझे बाबा?"

सावनीने नुसतंच बटण पुन्हा दाबून पाहिलं.

हेमलताने वायरी पुन्हा तपासल्या, रॅम काढून परत बसवली. काही नाही. शेवटी वैतागून तिने चहा ठेवला. तो कपांत ओतून सावनीला हाक मारायला गेली, तर तोंडातून जुनंच निघालं, "अहो, चहा गार होतोय!"

आतून सावनी ओरडली, "आई, चालू झाला! लवकर ये!"

स्क्रीनवर एकच ओळ होती: आलोच गं, दोन मिनिटं.

"इतकी वर्षं हेच ऐकतेय," हेमलता म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन तिने एका कपावर बशी झाकून ठेवली.