जरा लांब लिही

"कसलाच त्रास नव्हता, सफूरा अचानक गेली," असं मुनीर भेटेल त्याला सांगायचा. बायको वारल्यावर त्याने मुलीला, सिदराला, श्रीवर्धनहून ओमानला, तो नोकरीला होता त्या माबेला भागातल्या खोलीवर आणलं.

शाळेच्या वाटेवर सिदरा गाडीत धडा वाचत होती. अमेरिकेच्या कुणा जुन्या पुढाऱ्याची घरी पाठवलेली पत्रं होती त्यात.

"अब्बा, हा बायकोला सांगतो, तुझी पत्रं फार छोटी असतात, जरा लांब लिही."

"रिकामटेकडा कुठला!" मुनीर फिस्कारला. "देश चालवायचा सोडून बायकोची बडबड मागतोय. तुझी अम्मी रोज पाच-पाच मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवायची. मी दुप्पट स्पीडवर ऐकून उरकायचो आणि एक अंगठा पाठवायचो. खलास!"

सिदरा हसली नाही. "मला तिचा शेवटचा मेसेज ऐकवा ना. साध्या स्पीडवर."

मुनीरने गाडी कडेला घेतली आणि मेसेज लावला.



"मी... बरी आहे," सफूरा सांगत होती, आणि दर दोन शब्दांनंतर तिला धाप लागत होती.