दुसरी राखी

रघूच्या मनगटावर राखी बांधून झाली. त्याने बहिणीच्या ताटात खण घातला आणि तो पाटावरून उठला. आईने, गोदूबाईने, पाट मात्र उचलला नाही.

"सगुणे, दुसरी घे."

दुसरी राखी सगुणाने मुंबईच्या मावसभावासाठी केली होती. सदू येणार, असं आईनेच सांगितलं होतं. बाजारात स्पंजच्या राख्यांचा नुसता पूर आला होता, पण सगुणाला त्या डोळ्यासमोर नकोत. तिने रेशमाची लड आणली, दात घासायच्या जुन्या ब्रशने पिंजून पिंजून तिचा हा एवढा गोंडा फुगवला आणि बांधायला दोरा घेतला तो वडलांच्या जाळ्याचा, नायलॉनचा. ताटाच्या काठाला शिंपले चिकटवले, मधे कुंकवात रंगवलेल्या तांदळाची होडी काढली. आठ दिवस खपत होती बाई.

"पण सदूदादा कुठाय?"

आई काही बोलायच्या आत दारातून वाकून आत आला तो आत्माराम. पलीकडच्या वाडीतला, ट्रॉलरवर जाणारा. अंगात नवा टेरिकॉटचा शर्ट, पूर्ण बाह्यांचा. सगुणाच्या मनात आनंद मावेना. "नारळी पुनवेला तुज्या आयेला इचारतो," असं तो शिमग्यापासून तिला सांगत होता. आणि आज पुनवेच्या सकाळीच गडी हजर! ती लाजून भिंतीला टेकली.

आत्माराम सरळ येऊन पाटावर बसला. खिशातून घडीचा रुमाल काढून त्याने डोक्यावर घेतला आणि उजवा हात पुढे केला.

सगुणाला आधी कळलंच नाही. मग तिची नजर त्या रुमालावर गेली. ओवाळून घ्यायला डोकं झाकायचं म्हणून हा घरून रुमाल घेऊन निघाला होता. इस्त्री केलेला.

"आये, ह्ये काय केलंस तू?"

"मी कायएक केलं न्हाय गो," गोदूबाई म्हणाली. तिने निरांजनाची वात उगाच पुढे सारली. "त्यानंच पंदरा दिसांमागं येऊन सांगितलान, सगुणाकडनं राखी बांदून घेतो म्हणून. तू न्हाय म्हणशील म्हणून सदूचं नाव सांगितलं तुला. नाखव्याच्या पोरीशी लगीन जमलंय त्याचं. तुमचं दोगांचं त्यांच्या कानावर गेलंय. तू भयीण झालीस की लोकांची तोंडं बंद. तुजीबी अब्रू ऱ्हाईल."

नाखव्याच्या दोन बोटी होत्या आणि पोरगी एकुलती एक. सगुणाने आत्मारामकडे पाहिलं. तो ताटातली तांदळाची होडी बघत होता.

"खरं काय रे ह्ये?"

"बांद गो लवकर," तो म्हणाला. "लोकं नारळ घेऊन निगाली बंदरावर."

सगुणाला वाटलं, ताट तिथेच त्याच्या डोक्यावर उपडं करावं. पण शेवटी तिने निरांजन उचललं. ज्योत अशी हलत होती की ती विझेल म्हणून गोदूबाई हात आडवा धरून उभी राहिली. सगुणाने ओवाळलं, कुंकू लावलं आणि राखी हातात घेतली.

पहिला वेढा घातला. दुसरा घातला. मग दोऱ्याचं टोक खालून काढून तिने ते दातांनी ओढलं. जाळं सांधताना वडील मारायचे तशी गाठ. आत्मारामने सगळा जन्म जाळ्यांत काढलेला. त्याने पहिल्यांदा मान वर केली.

"ही गाठ सुटत न्हाय गो."

"म्हायती हाय मला."

"सुरीनं कापावी लागंल."

"राखी कापतात काय कोण?" सगुणाने नारळाची वडी त्याच्या तोंडात घातली. "ऱ्हाऊ दे. हळदीला नवऱ्याच्या हातात कंकण बांदतील ना, त्ये हिच्याच शेजारी बांदून घे."

आत्माराम उठला. वडी तोंडात तशीच होती. दारापर्यंत जाता जाता त्याने शर्टाची बाही खाली ओढली, पुन्हा ओढली. पण गोंडा एवढा फुगलेला होता की बाही काही त्याच्यावरून खाली येईना.