दोन डावे पंख

दिगंबररावांनी दुसरा पंख उजव्या बाजूला लावून पाहिला. फुगीर बाजू खाली गेली. उलटा केला, तर पुढची कड मागे आली. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चष्म्याचा काही दोष नव्हता. पंधरा दिवस जेवणाचं टेबल अडवून त्यांनी विमानाचे दोन्ही पंख डावेच केले होते.

विमान खेळण्यातलं. बाल्सा लाकडाच्या हलक्या काड्या, त्यावर पातळ कागद, पोटात रबर. रबराला पीळ दिला की पंखा फिरतो. लहानपणी लक्ष्मी रोडवरच्या दुकानाच्या काचेला नाक लावून त्यांनी हेच विमान पुष्कळदा पाहिलं होतं. वडिलांनी घेऊन दिलं नाही ते नाहीच. हे रडगाणं ऐकून कंटाळलेल्या स्पृहाने, त्यांच्या नातीने, यंदा आजोबांच्या वाढदिवसाला ते किट मागवलं. एकच पाठवलं तर घरात काय होईल हे ओळखून तिने सारखीच दोन मागवली. कारण आजीचं, म्हणजे श्यामलाबाईंचं, दुखणंही जुनंच होतं. त्यांच्या भावाला असलं विमान मिळालं होतं. त्यांच्या वाट्याला आलं ते डिंकाची बाटली धरून उभं राहणं.

झालं! आजोबा हॉलमध्ये आणि आजी आतल्या खोलीत, दार लावून. शिवाय पैज लागली. रविवारी सकाळी खडकवासल्याकडच्या मोकळ्या माळावर स्पृहासमोर विमानं उडवायची. ज्याचं उडणार नाही, त्याने 'माझं चुकलं' म्हणायचं. पैज भयंकर होती. एवढ्या वर्षांच्या संसारात हे शब्द त्या घरात कोणी उच्चारले नव्हते.

आता शनिवारची संध्याकाळ झाली होती. किटमधल्या आराखड्यावर पंख एकच काढलेला होता, डावा. खाली बारीक अक्षरांत सूचना होती: उजव्या पंखासाठी कागदाला तेल चोळावं, म्हणजे रेघा मागून दिसतात. मग कागद उलटा करून त्यावर दुसरा पंख जुळवावा. दिगंबररावांनी हे आत्ता वाचलं. सूचना वाचणं त्यांना कायम कमीपणाचं वाटत आलं होतं. बँकेत लोकांना "बोर्ड वाचा" म्हणण्यात त्यांची हयात गेली, ती गोष्ट वेगळी.

ते बराच वेळ पंखांकडे बघत बसले. पैज हरल्याचं त्यांना एवढं वाटलं नाही. पण एवढं हातात आलेलं विमान याही वेळी उडणार नव्हतं, आणि त्यांचा जीव खरोखरच कळवळला. शेवटी ते उठले आणि त्यांनी आतल्या दारावर टकटक केली.

"श्यामला, माझं चुकलं."

आत काहीतरी खाली पडलं. मग दार उघडलं.

"बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"दोन्ही पंख डावे झाले गं."

श्यामलाबाई हसल्या नाहीत. उभी नोकरी शाळेत भूमिती शिकवण्यात गेलेली ही बाई असली संधी सोडते म्हणजे नवलच. उलट त्यांचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसला. त्या आत गेल्या आणि आपले पंख घेऊन आल्या. दिगंबररावांचे लाल कागदाचे होते, हे पिवळे. दिगंबररावांनी ते दोन्ही पंख उजेडात धरून निरखले. दोन्ही उजवे होते. मागे पलंगावर श्यामलाबाईंचा आराखडा पडला होता. त्याला खोबरेल इतकं मनापासून चोळलं होतं, की उलटा कोणता आणि सुलटा कोणता, हेच कळत नव्हतं.

"तुमचा एक द्या इकडे," असं म्हणून त्यांनी आपला एक पंख नवऱ्याच्या हातात ठेवला.

दिगंबररावांचा चेहरा हळूहळू उजळला. दोन विमानं. दोन्हींना एक पंख लाल, एक पिवळा. दोन्ही उडणार!

"म्हणजे तुझंही चुकलंच की!"

"माझं कुठे चुकलं?" श्यामलाबाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही सूचना वाचणार नाही आणि दोन्ही डावेच करून ठेवाल, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून तर मी दोन्ही उजवे केले!"