खेकड्याच्या गोष्टीचा धनी

“खेकड्याची गोष्ट लिहिणारे आपणच का?”

टांग्यातून उतरलेल्या पाहुण्याने ओट्याखाली उभं राहून विचारलं आणि ओट्यावर बसलेल्या कॉन्रॅड मास्तरांनी मान वर केली.

बत्तीस सालच्या त्या उन्हाळ्यात डोंगरी गावाला दुसरा विषयच नव्हता. समुद्राकडून पट्टी वसूल करायला निघालेला गोरा साहेब आणि त्याच्या पाटलोणीत शिरलेला खेकडा! फोनोवर त्या गोष्टीची तबकडी लागली की माणसं पोट धरून हसायची. आवाज मुंबईच्या कुणा नटाचा, पण गोष्ट खारी गावच्या कमळाकरची. कमळाकर मिठागरावर कारकून, मास्तरांचा जुना दोस्त. गावात हे गुपित मास्तरांच्याच घरात ठाऊक होतं, कारण शुद्धलेखन त्यांनी तपासलेलं.

“माजं नाव कोनाला सांगू नको,” असं कमळाकर बजावून गेला होता. मोठा आलाय साधुपुरुष, मास्तर मनात म्हणाले होते. ते स्वतः वीस वर्षं लिहीत होते आणि संपादक सगळं साभार परत पाठवत होते. आणि या गड्याने एक गोष्ट काय लिहिली, अख्खी मुंबई हसली. परका असता तर मास्तरांना एवढं झोंबलं नसतं.

“या, बसा,” मास्तर म्हणाले. “मीच तो.”

पाहुण्याला लेखकाची मुलाखत हवी होती. नटाला खोदखोदून विचारलं, पण तो पठ्ठ्या नाव काढीना. लेखक डोंगरीच्या बाजूचा, एवढंच कसंबसं निघालं. सगळा मान एकट्याला हवा असणार त्याला, मास्तरांनी ताडलं. मुंबईच्या एकाही दुकानात तबकडी शिल्लक नाही, खुद्द मोठ्या साहेबांनी ती पुन्हा पुन्हा लावून ऐकली, हे कळल्यावर तर त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला.

चहा घेऊन आलेल्या बायकोने, मार्सेलिनने, त्यांच्याकडे रोखून पाहिलं. “कमळाकरला निरोप धाडू का?”

“नको. त्याला यातलं काय कळत न्हाय.”

मग मास्तर खुलले. गोष्ट कशी सुचली, खेकडाच का घेतला, साहेबाची आणखी कशी फजिती करायचं मनात होतं, सगळं रंगवून सांगितलं. पाहुणा मान खाली घालून लिहून घेत होता. इतक्या वर्षांत मास्तरांचं बोलणं कुणी असं मन लावून ऐकलं नव्हतं.

“कुणाची मदत?”

“कुणाची नाही. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत माझी.”

पाहुण्याने पिशवीतून तबकडी काढून पुढे केली. मास्तरांनी वेष्टनावर झोकदार सही ठोकली आणि खाली ‘लेखक’ असंही लिहिलं. त्याने फुंकर घालून शाई वाळवली, तबकडी जपून पिशवीत ठेवली आणि टांग्याकडे वळून हाक मारली, “हवालदार, बेड्या घेऊन या.”