सायकलनं पाडलं

"पळून गेला तो, वकीलबाई! माझ्या आईला भर रस्त्यात पाडून सरळ पळून गेला!" थोरल्यानं टेबलावर हात आपटला. टेबल वकीलबाईंचं होतं, म्हणून जरा बेतानंच.

शेजारच्या खुर्चीत आई बसली होती. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, मांडीवर पिशवी.

थोरला छापखान्यात मुद्रितशोधक. दुसऱ्याच्या पुस्तकातला एक अनुस्वार त्याच्या तावडीतून सुटत नसे. आईचा जबाबही त्यानंच वळणदार अक्षरात लिहून आणला होता. वकीलबाईंनी तो मोठ्यानं वाचला. "सकाळी तळ्याजवळच्या उतारावर मला भाड्याच्या सायकलनं पाडलं. मनगट मोडलं." त्यांनी मान वर केली. "हे काकूंचेच शब्द?"

"अक्षर न् अक्षर. दवाखान्यात डोळे उघडल्यावर पहिलं हेच बोलली. माझी आई खोटं बोलत नाही आणि फुगवून तर मुळीच सांगत नाही."

"काकू, सायकल मागून आली की समोरून?"

"कळलंच नाही हो. एकदम आडवी झाली."

"चालवणारा कसा होता दिसायला?"

"मला कुणी दिसलं नाही."

"दिसणार कसा?" थोरला मध्येच म्हणाला. "डोळ्यांपुढे काजवे चमकले असतील तिच्या."

"अरे, पण माझं ऐक तरी..."

"तू त्रास करून घेऊ नकोस. मी आहे ना!"

हात मोडल्यापासून त्याचं हे असंच चाललं होतं. पाण्याचा पेलासुद्धा तो तिला उचलू देत नसे. करणार काय? वडील गेले तेव्हा तो सात वर्षांचा होता. आईनं शिलाई मशीनवर दोन पोरं वाढवली, शिकवली, पण कुणाच्या दारात जाऊन उभी राहिली नाही. तिच्याबद्दल बोलताना त्याचा ऊर भरून यायचा आणि तो ते लपवतही नसे.

"सदुसष्टावं चालू आहे, वकीलबाई. पण चाल बघा तिची! हल्ली अख्ख्या तळ्याला फेरा मारून पंधरा मिनिटांत घरी हजर. मला पाऊण तास लागतो, वर धाप लागते ती वेगळीच."

वकीलबाईंनी चष्म्यावरून आईकडे पाहिलं. आई खिडकीबाहेर बघत होती.

"डॉक्टर काय म्हणतात?"

थोरल्याचा आवाज उतरला. "आणखी एक ऑपरेशन करायला हवं. नाही केलं तर हातात कात्री धरता येणार नाही. आणि कात्रीशिवाय ही बाई... जमायचं नाही ते."

आता आईनं मान वळवली. "कात्री तर हवीच," ती म्हणाली.

वकीलबाईंनी फाइल उघडली. "मग नीट ऐका. सायकली भाड्यानं देणारी कंपनी घेणाऱ्याचा अपघात विमा उतरवते."

"मग झालं तर!"

"झालं कुठे? तो चालवणाऱ्याला मिळतो, पायी जाणाऱ्याला नाही."

"वा रे न्याय! चोर सोडून संन्याशाला सुळी!"

"ब्रेक बिघडलेला असता तर कंपनीला धरता आलं असतं. तपासणीत सायकल ठणठणीत निघाली. उरला चालवणारा. तो सापडला नाही, तर दावा बारगळला म्हणून समजा."

"पाताळातून शोधून काढीन मी त्याला!"

"इतकं खोल जायला नको. तुम्ही पोलिसांत अर्ज दिला होता ना? त्यामुळे कंपनीला नंबर द्यावा लागला. सायकलचं कुलूप ज्या मोबाइलवरून उघडलं, तो. आज सकाळीच पत्र आलंय."

"आजच?" आई सावरून बसली. "थोरल्या, आपण आधी घरी जाऊन बोलू या का?"

"का म्हणून? तूच शिकवलंस ना, आपल्या हातून झालं ते आपण कबूल करावं? आता त्यालाही शिकवू."

"शिकवलं खरं," आई पुटपुटली.

वकीलबाईंनी टेबलावरचा फोन पुढे ओढला, पत्रात बघून नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. थोरल्यानं बाह्या सरसावल्या, घसा खाकरला. त्या भामट्याला ऐकवायचं पहिलं वाक्य त्यानं मनात दोनदा तपासून ठेवलं होतं.

पलीकडे रिंग वाजू लागली. आईच्या पिशवीतही वाजू लागली.

आईनं डाव्या हातानं मोबाइल बाहेर काढला, बंद केला आणि ताठ बसून विचारलं, "वकीलबाई, उतारावर माझा वेग किती होता, ते लिहिलंय का हो त्यात?"